प्रतिरूप जेट विमानावरील बारकावे
रेडिओ-नियंत्रित लढाऊ जेटच्या प्रतिकृतीवर मूळ विमानाचे पत्र्यांचे सांधे, रिव्हेट, खुणा व वापराचे डाग प्रमाणात उतरवण्याचे कारागिरी-तंत्र. आधार त्रिदृश्य आराखडे व छायाचित्रे यांचा [→ विमान प्रतिकृती].

येथे नेमकेपणा विपुलतेहून महत्त्वाचा ठरतो. नाशिकजवळ ओझरला बांधल्या गेलेल्या मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मी.; १:८ प्रमाणात तो सुमारे ८९ सेंमी. भरतो आणि ५ मिमी. रिव्हेट ०.६ मिमी. उरतो. शिवाय वेगवान जेटचे रिव्हेट बहुतांशी पृष्ठाशी सपाट असतात. त्यामुळे सुईने गोंदाचे थेंब टाकून उठवलेले ठिपके, कितीही सुबक असले तरी, मुळाशी विसंगतच. पितळी नळीच्या गरम टोकाने उमटवलेली बारीक वर्तुळे अधिक खरी दिसतात. सांध्यांसाठी अरुंद चिकटपट्टी लावून वर भरणी-प्रायमर फवारतात व पट्टी काढून खाच ठेवतात. आकाशात हे काहीच दिसत नाही, हा आक्षेप उड्डाणापुरता रास्त आहे. पण एफ४सी या आंतरराष्ट्रीय स्पर्धावर्गात जमिनीवरील परीक्षणालाही गुण असतात. वजनाचा आक्षेप अधिक गंभीर : भार वाढला की उतरण्याचा वेग वाढतो [→ पंखभार]. म्हणूनच कॉकपिट व वैमानिकाची आकृती पोकळ, हलकी बनवतात.