लोकशाहीची व्याख्या कोण करतं?

शिबिरात ‘लोकशाही म्हणजे काय’ असं विचारलं की बहुतेक तरुण शाळेतलं उत्तर देतात: लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं राज्य. अब्राहम लिंकन यांच्या 19 नोव्हेंबर 1863 च्या गेटिसबर्ग येथील भाषणातून हे उत्तर आपल्यापर्यंत आलं. पण ‘लोक’ म्हणजे कोण? तेव्हा त्याच देशात गुलामगिरीवरून यादवी युद्ध सुरू होतं आणि स्त्रियांना मतदानाचा हक्क नव्हता.

जोसेफ शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने 1942 मध्ये व्याख्या आणखी आखूड केली. मतांसाठी स्पर्धा करून निर्णयाचा अधिकार मिळवण्याची पद्धत म्हणजे लोकशाही. आपल्याकडचे बहुतेक पक्ष पुस्तक न वाचताच ही व्याख्या पाळतात.

मग येतात गुण देणाऱ्या संस्था. 2021 च्या अहवालांत फ्रीडम हाऊसने भारताला ‘अंशतः मुक्त’ ठरवलं, तर स्वीडनच्या व्ही-डेमने ‘निवडणुकीपुरती लोकशाही असलेली एकाधिकारशाही’ या गटात टाकलं. फ्रीडम हाऊसचा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचं सांगत सरकारने तो फेटाळला. निकषांवर वाद जरूर घालावा. पण देशाला मिळणारा एकच आकडा वस्तीपर्यंत पोचत नाही, ही आपली अडचण त्याहून वेगळी आहे.

राज्यसंस्थाही आपापली व्याख्या मांडतात. चीनने डिसेंबर 2021 मध्ये श्वेतपत्रिका काढून आपली एकपक्षीय व्यवस्था हीच चालणारी लोकशाही असल्याचं सांगितलं. उत्तर कोरियाच्या तर अधिकृत नावातच ‘लोकशाही’ आहे.

भारत सरकार गेली काही वर्षं ‘लोकशाहीची जननी’ अशी देशाची ओळख करून देतं. 2023 च्या जी-20 परिषदेच्या वेळी यावर पुस्तिकाच निघाली. त्यासाठी दिला जाणारा आवडता पुरावा म्हणजे तमिळनाडूतील उत्तिरमेरूरचा चोलकालीन शिलालेख. दहाव्या शतकात तिथे घड्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकून ग्रामसभेचे सदस्य निवडत, हे खरं आहे. पण तोच शिलालेख पुढे वाचा. उमेदवाराकडे करपात्र जमीन आणि स्वतःच्या जागेवरचं घर हवं, वय 35 ते 70 हवं आणि वेदाचं ज्ञान हवं. ही ब्राह्मणांना दान दिलेल्या गावाची सभा होती. आपले पूर्वज त्या घड्याजवळ कुठे असतील, हे सांगायला नको.

हाच चष्मा आपल्याकडेही लावावा लागतो. वज्जींच्या गणराज्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, पण तिथेही सत्ता क्षत्रिय कुळांच्या हाती होती. भिक्खू संघाची गोष्ट वेगळी. तिथे ठराव, गणपूर्ती आणि शलाकांनी मतदान होतं आणि प्रवेशाला जात आड येत नव्हती. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी दाखला दिला तो संघाच्या या नियमांचा.

बाबासाहेबांनी लोकशाहीकडे केवळ शासनपद्धती म्हणून पाहिलं नाही. 1936 च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये ती एकत्र जगण्याची रीत आहे, या मांडणीवर त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्युई यांची छाप आहे. 22 डिसेंबर 1952 रोजी पुण्यात त्यांनी स्वतःची व्याख्या दिली: लोकांच्या सामाजिक व आर्थिक जीवनात रक्तपाताशिवाय क्रांतिकारक बदल घडवणारी शासनपद्धती. इथे कसोटी बदलते. निवडणूक झाली का, यावर न थांबता जगण्यात काय बदललं, असं विचारावं लागतं.

मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टारमंगलम या गावांचं अध्यक्षपद 1996 मध्ये अनुसूचित जातींसाठी राखीव झालं. प्रबळ जातीच्या दहशतीमुळे अर्जच भरले जात नसत. कुणी निवडून आलंच, तर लगेच राजीनामा द्यावा लागे. त्याच जिल्ह्यात मेलवळवूचे निवडून आलेले दलित अध्यक्ष मुरुगेसन यांची जून 1997 मध्ये सहकाऱ्यांसह हत्या झाली. त्या गावांत धड निवडणूक व्हायला 2006 उजाडलं. मतदार यादी, आरक्षण, निवडणूक आयोग हे सगळं तेव्हाही होतंच.

महाराष्ट्रात दहशत नेहमी एवढी उघड नसते. उमराणे आणि खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघडकीस आल्यावर जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. लिलाव नसला तरी ‘बिनविरोध’ हा शब्द आपल्याकडे कौतुकाने छापला जातो. तुमच्या गावात निवडणूक बिनविरोध झाली असेल, तर ते ठरवणारी बैठक कुठे झाली आणि वस्तीतलं कोण तिथे बसलं होतं, एवढं विचारून पाहा.