मॅट्रिक, मराठी आणि हिब्रू : माझगावच्या इस्रायली शाळेची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, "सर, ज्यू लोकांच्या शाळेचा आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर आधी देतो आणि मग गोष्ट सांगतो.

पहिला संबंध साधा आहे. आपण सीएसटीकडे जाताना ठाण्याला उतरलो, तर तिथे १८७९ सालचं सिनेगॉग आहे. पनवेलला १८४९ सालचं आहे. अलिबाग, पेण, पनवेल, ठाणे हा बेने इस्रायल समाजाचा मुलूख. तो आपल्यापासून दूर नाही. दुसरा संबंध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. या लोकांनी डोक्यावर धड छप्पर नसताना शाळा काढल्या, पुढे कॉलेजं उभी केली. त्यांच्यापुढे प्रश्न होता, मुलांना कशासाठी तयार करायचं? नोकरीसाठी, कॉलेजसाठी, की आपली भाषा आणि आपली ओळख टिकवण्यासाठी? सिंधी लिहायची ती अरबी लिपीत की देवनागरीत, यावरही वाद झाले. नेमका असाच प्रश्न त्याआधी पाऊणशे वर्षं मुंबईतल्या एका छोट्या समाजाला पडला होता. त्यांनी त्याला जे उत्तर दिलं, त्याची ही हकीकत.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्यांचे हे वंशज. आडनावं गावांवरून : किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घरची भाषा मराठी. हिब्रू मात्र जवळजवळ विसरलेली, 'शेमा'सारख्या मोजक्या प्रार्थना तेवढ्या तोंडी राहिलेल्या.

अठराव्या शतकात हे लोक मुंबईला आणि कंपनीच्या फौजेत यायला लागले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे त्या फौजेतले अधिकारी. त्यांनी १७९६ साली मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. फौजेत गेलेल्या माणसाला अक्षरओळख लागते, हिशेब लागतो, आणि ते आलं की आपला मुलगा आणखी शिकावा असं वाटायला लागतं. सगळीकडे हे असंच होतं.

शिकवणार कोण? तेव्हा शिकवायला पुढे आले मिशनरी. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, त्यांच्या मराठी शाळांत ज्यू मुलं गेली. नंतर १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले, ज्यांच्या नावाचं विल्सन कॉलेज आपण जाणतो. या विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं, मुख्यतः बेने इस्रायलांसाठी. आता गंमत बघा. विल्सनना हे लोक ख्रिस्ती व्हायला हवे होते. पण मुलं मराठीतून जुना करार वाचायला लागली, हिब्रू शिकायला लागली, आणि झालं काय? ती ख्रिस्ती झाली नाहीत, अधिक जाणती ज्यू झाली. धर्मांतरं अगदी थोडी झाली. १८४६ मध्ये मुंबईत हागादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे १८८० च्या सुमारास तर या लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. आपली कीर्तनाची पद्धत आणि आख्यान मात्र अब्राहमाचं किंवा योसेफाचं!

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो : शिकवणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याचं फळ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. विद्या एकदा दिली की ती देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

तरीही एक बोच राहतेच. दुसऱ्याच्या शाळेत शिकायचं म्हणजे सुट्टी रविवारी आणि शनिवारी शाळा. 'शनवार तेली' म्हणवणाऱ्या समाजाच्या मुलानं शनिवारी पाटी-दप्तर घेऊन निघायचं! ही नुसती वेळापत्रकाची अडचण नव्हती. रोजच्या रोज मुलाला 'अभ्यास की घर' असं निवडायला लावणारी ती गोष्ट होती.

आता मुख्य भागाकडे येऊ. हाईम सॅम्युएल केहीमकर नावाचे एक गृहस्थ, जन्म १८३० चा, अलिबागचा. यांनी आयुष्य समाजाच्या शिक्षणाला वाहिलं. बेने इस्रायलांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीवला छापून निघाला. या केहीमकरांनी आपले भाऊ आणि काही मित्र यांना बरोबर घेऊन १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली. पैशाची ओढाताण होतीच. लंडनमध्ये १८७१ साली अँग्लो-ज्यूइश असोसिएशन स्थापन झाली होती, तिची मदत पुढे मिळत गेली.

या शाळेचा अभ्यासक्रम समजून घ्यायचा तर त्या काळची मॅट्रिक समजून घ्यायला हवी. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक १८५९ ची. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक म्हणजे शाळा संपल्याचा दाखला नव्हे बरं का, ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल, थोडं विज्ञान, आणि इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा. ब्राह्मणाचा मुलगा संस्कृत घेई, पारशी किंवा मुसलमान मुलगा फारसी घेई. या भाषांमध्ये हिब्रूलाही जागा होती. विद्यापीठाला हिब्रूचे परीक्षक लागत. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे असे एक परीक्षक. ते मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे अनेक वर्षं हेडमास्तर होते आणि ज्यू प्रार्थनांची मराठी भाषांतरं त्यांनीच केली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या मुलाच्या आजोबाला चार प्रार्थना सोडून हिब्रू येत नव्हती, तो मुलगा आता हिब्रूत मार्क मिळवू शकत होता. जी भाषा प्रार्थनेची, तीच परीक्षेचीही. म्हणजे घरी नेणारा आणि कॉलेजात नेणारा असे दोन्ही रस्ते एकाच वर्गातून जात होते. मराठी बोलीची आणि शिकण्याची, इंग्रजी पुढच्या शिक्षणाची, हिब्रू धर्माची आणि मॅट्रिकचीही. वर स्वतःची शाळा म्हणजे शनिवार पाळता येतो, सणांना सुट्टी देता येते.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून इथे मला स्पिनोझा आठवतो. सतराव्या शतकातल्या ॲमस्टरडॅममध्ये ज्यूंची उत्तम शाळा होती, स्पिनोझा तिथे शिकला. पण विद्यापीठांची भाषा लॅटिन, आणि ती त्या शाळेत नव्हती. लॅटिनसाठी तो फान डेन एंडेन नावाच्या बाहेरच्या मास्तरांकडे गेला. १६५६ साली समाजानं त्याला बहिष्कृत केलं. कारणं अर्थातच त्याच्या विचारांत होती, लॅटिनच्या शिकवणीनं बहिष्कार ओढवला असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की तिथे समाजाची शाळा आणि जगाची विद्या यांना दोन वेगळी दारं होती. केहीमकरांनी ती एकाच भिंतीत बसवायचा प्रयत्न केला.

तो कितपत साधला? इथे एका बाईंचं नाव घ्यायलाच हवं. रिबेका रूबेन. जन्म १८८९ चा. त्या शिकल्या पुण्याच्या हुजूरपागेत, म्हणजे १८८४ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी काढलेल्या मुलींच्या शाळेत. १९०५ च्या मॅट्रिकला त्या पहिल्या आल्या. पुढे इंग्लंडला जाऊन शिक्षणशास्त्र शिकून आल्या. हव्या त्या मोठ्या जागी जाऊ शकल्या असत्या. १९२२ साली त्या इस्रायली शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, त्यांनी ती शाळा चालवली. शाळांसाठी इंग्रजीची क्रमिक पुस्तकंही लिहिली. म्हणजे ज्या बाईंची स्वतःची तयारी समाजाबाहेरच्या शाळेत झाली, त्यांनी ती विद्या समाजाच्या शाळेत परत आणली.

त्यांच्याच काळात, १९३० च्या दशकात, शाळेला मोठी देणगी मिळाली ती सर एली कदूरी यांच्याकडून. कदूरी मूळचे बगदादचे, त्यांचा व्यापार शांघाय आणि हाँगकाँगला. माझगावची ही शाळा तेव्हापासून सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. जवळच भायखळ्याला बगदादी ज्यूंची शाळा होती, सर जेकब ससून यांच्या नावाची. ती इंग्रजी माध्यमाची. बगदादी मंडळी व्यापारी, श्रीमंत, राहणी युरोपियनांकडे झुकलेली. बेने इस्रायलांना ते बरोबरीचं मानायला फारसे तयार नसत. धर्म एक, शहर एक, शाळांत अंतर चालत जाण्याइतकं, पण माध्यम निराळं, आणि माध्यमाबरोबर वर्गही निराळा. आज मराठी शाळा आणि 'कॉन्व्हेंट' यांच्यात जे अंतर आपण बघतो, ते तेव्हाही होतं.

मराठी माध्यमामुळे मुलं मागे पडली का? समाजाचा इतिहास तसं सांगत नाही. एका पिढीत घाणा, दुसरीत फौज, तिसरीत रेल्वे, पोस्ट, इस्पितळ आणि सरकारी कचेऱ्यांतली कारकुनी, आणि मग डॉक्टर, वकील, प्राध्यापक. डॉ. जेरुशा झिराड ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या, १९१९ साली लंडनच्या एम.डी. झाल्या, पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. १९३७ साली मुंबईचे महापौर डॉ. एलिजा मोझेस हे याच समाजाचे. कवी निसीम इझिकेल यांचे वडील विल्सन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. ही सगळी माणसं माझगावच्या शाळेतली नव्हेत, हे स्पष्ट सांगतो. शाळेचं श्रेय फुगवायला नको. पण समाजात शिक्षणाची जी हवा तयार झाली, तिचं एक केंद्र ही शाळा होती.

आणि मग १९४८. इस्रायल देश झाला. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास. माझगावच्या शाळेत ज्यू मुलं कमी कमी होत गेली. आज तिथली बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. काही लोक हे हळहळून सांगतात. मला यात निव्वळ ऱ्हास दिसत नाही. मिशनरी शाळेत ज्यू मुलं शिकली, ज्यूंच्या शाळेत आता मुसलमान मुलं शिकतात. एका अल्पसंख्य समाजानं आपल्या मुलांसाठी उभं केलेलं दार दुसऱ्या समाजाच्या मुलांना उपयोगी पडलं.

पण काही गमावलं का? हो, गमावलं. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू यांचा जो मेळ त्या वर्गात होता, तो तुटला. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाप्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढता-चालवता येतात, त्या दृष्टीनं हा दर्जा मोलाचा. पण तो आला तेव्हा वर्ग भरायला मुलंच उरली नव्हती.

शेवटी माझ्या अनुभवातलं थोडं. मी याच पट्ट्यात बरीच वर्षं कॉलेजात शिकवलं. जूनमध्ये बदलापूर-वांगणीकडची मराठी शाळेतली मुलं एफ.वाय.ला यायची आणि मागच्या बाकावर गप्प बसायची. पहिली काही वर्षं मी त्यांना 'कच्ची' समजत होतो. मग एकदा एका मुलीनं कांटवरच्या प्रश्नाचं उत्तर मराठीत लिहिलं. ते वर्गातलं सर्वांत चांगलं उत्तर होतं. कच्ची ती नव्हती. तिचं घर आणि माझं कॉलेज यांच्यामध्ये कुणी पूल बांधलेला नव्हता, आणि मीही तोवर बांधला नव्हता. त्या दिवसापासून मी दोन्ही भाषांत शिकवायला लागलो. उशीर झाला होता, हे कबूल करतो.

आज आपल्याकडे कॉलेजची तयारी म्हणजे आठवीपासून क्लास लावणं. केहीमकर आणि रूबेनबाई यांचा विचार निराळा होता. मुलाला परीक्षेसाठी तयार करा, जरूर करा, त्यात कसूर नको. पण तयारी अशी करा की पास झाल्यावर त्याला आजीशी बोलायला लाज वाटणार नाही. उल्हासनगरची सिंधी मुलं असोत, अंबरनाथच्या कारखान्यांतल्या कामगारांची असोत की बदलापूरच्या नव्या सोसायट्यांतली, हा प्रश्न सगळ्यांचा आहे. माझगावच्या शाळेनं तो सोडवलाच असं मी म्हणणार नाही. तिनं तो पन्नास-पाऊणशे वर्षं प्रामाणिकपणे हाताळला. आपण निदान तो प्रश्न म्हणून ओळखावा, एवढीच विनंती.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.