डब्यावरचे झाड: 'वनस्पती'पासून 'ऑरगॅनिक'पर्यंत

मागच्या महिन्यात एक काकू तपासणीला आल्या. मधुमेह जुना, पण साखर आटोक्यात असायची. या वेळी उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर. विचारपूस केल्यावर पिशवीतून गुळाच्या पावडरीचे पाकीट निघाले. मुंबईहून मुलाने पाठवलेले. हिरवे पान, वर 'ऑरगॅनिक', खाली 'केमिकल-फ्री'. चहा आता त्याचाच होतो, आणि "साखर बंद केली म्हणून" संध्याकाळची गोळीही बंद केली होती.

काकूंना मी दोष दिला नाही. पाकिटावरच्या शब्दावर विश्वास ठेवून फसण्याची आपली परंपरा बरीच जुनी आहे. ती सुरू होते साधारण नव्वद वर्षांपूर्वी, शिवडीत. म्हणजे लालबाग-परळच्या शेजारी, आपल्या तालुक्यातल्या कित्येक चाकरमान्यांच्या ओळखीच्या भागात.

1932 साली तिथे हिंदुस्तान वनस्पती कंपनीच्या कारखान्यात तेलापासून घट्ट तुपासारखा पदार्थ तयार होऊ लागला. त्यामागची प्रक्रिया जर्मन रसायनतज्ज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी 1902 मध्ये पेटंट केली होती: तेलात निकेल धातूची पूड घालायची, ते तापवून त्यातून हायड्रोजन वायू सोडायचा, की पातळ तेल घट्ट होते. 1937 मध्ये 'डालडा' हे नाव बाजारात आले. पिवळा डबा, त्यावर हिरवे माडासारखे झाड. आत त्या काळी मुख्यतः भुईमुगाचे तेल असे, हे सोडा. पदार्थाचे नावच बघा: 'वनस्पती'. निकेल आणि हायड्रोजन वापरून कारखान्यात बनलेल्या वस्तूला याहून हिरवे नाव शोधून सापडले नसते.

लोकांना शंका आली नाही असे नाही. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये वनस्पतीविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर संसदेत बंदीची मागणी झाली. पण सगळा वाद एका गोष्टीभोवती फिरत राहिला, आणि ती म्हणजे तुपातली भेसळ. वनस्पतीला रंग द्यावा म्हणजे साजूक तुपात मिसळता येणार नाही, अशी सूचना होती. पण सोयीचा, टिकाऊ रंग काही सापडेना. शेवटी तोडगा निघाला तो खरोखर हुशारीचा होता. वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले. तिळाच्या तेलाचा एक गुण असा, की फरफ्युराल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की त्याला गुलाबी रंग येतो. तुपाचा नमुना गुलाबी झाला तर त्यात वनस्पती आहे. आमच्या पिढीतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग शाळा-कॉलेजात केलेला असेल.

खरा धोका मात्र त्या परीक्षानळीत दिसत नव्हता. तेल अर्धवट घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतात. 1990 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवले, की हे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढवतात आणि चांगले (एचडीएल) कमी करतात. आपल्याकडे तेला-तुपातली त्यांची मर्यादा पायरीपायरीने खाली येत 2021 मध्ये तीन टक्के आणि 2022 मध्ये दोन टक्के झाली. शिवडीच्या कारखान्यापासून मोजले तर नव्वद वर्षे लागली. तोवर किती हृदयांनी किंमत मोजली असेल, याचा विचार मी सहसा करत नाही.

आता काकूंच्या पाकिटावरचा शब्द. 'ऑरगॅनिक'ला मराठीत आपण 'सेंद्रिय' म्हणतो, आणि याच शब्दाने विज्ञान शिकलेला माणूसही गोंधळतो. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. त्या अर्थाने डीडीटीसुद्धा सेंद्रिय! 1828 साली फ्रीडरिश वोलर यांनी प्रयोगशाळेत युरिया बनवला, तेव्हा सेंद्रिय पदार्थ सजीवांशिवाय बनू शकत नाही या समजाला तडा गेला. किडनीच्या तपासणीत आम्ही तुमच्या रक्तात मोजतो तोच हा युरिया. आणि पोत्यातून येणारा हाच युरिया सेंद्रिय शेतीत मात्र चालत नाही.

शेतीतला 'ऑरगॅनिक' वेगळ्या वाटेने आला, आणि ती वाट होळकरांच्या इंदूरवरून जाते. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संस्थेत पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर लावून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. जगात ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. पुढे 1940 मध्ये लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी 'ऑरगॅनिक' शेती हा शब्दप्रयोग केला. त्यांच्या मनात होते की शेत हे एका जिवंत शरीरासारखे असते, त्याचे सगळे अवयव एकमेकांवर अवलंबून असतात. म्हणजे हा शब्द जमीन कशी कसली याबद्दल आहे. पाकिटातला पदार्थ तुमच्या शरीरात काय करील याबद्दल तो काहीच सांगत नाही.

भारतात सेंद्रिय प्रमाणपत्राची राष्ट्रीय योजना 2001 मध्ये आली, ती प्रामुख्याने निर्यातीसाठी. देशातल्या गिऱ्हाइकासाठी एफएसएसएआयचे नियम 2017 चे, लागू झाले जुलै 2018 पासून. त्यामुळे आता 'जैविक भारत'ची खूण आणि प्रमाणपत्र नसताना पाकिटावर 'ऑरगॅनिक' लिहिता येत नाही. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला सूट आहे. त्यामुळे बाजाराच्या दिवशी नाचणी घेऊन बसणाऱ्या बाईकडे खूण नसेल तर ती खोटे बोलते असे समजू नका. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश साधारणपणे कमी असतात, हा फायदा खरा आहे. पण सेंद्रिय उसाचा गूळ हीसुद्धा मुख्यतः साखरच.

'नॅचरल' शब्दाला तर 2018 पर्यंत धड व्याख्याही नव्हती. आता खाद्यपदार्थांपुरती आहे: नैसर्गिक स्रोतातला, बाहेरून काही न मिसळलेला पदार्थ. साबण-शाम्पूला ती लागू नाही, तिथे रान मोकळे आहे. आणि 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' हापूस? कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, कारण त्यातून आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. इथिलीन वायूला मर्यादेत परवानगी आहे, कारण आढीत आंबा स्वतःच तो वायू सोडून पिकतो. मग इथिलीनच्या खोलीत पिकलेला आंबा नैसर्गिक की नाही? मला विचाराल तर प्रकृतीला त्याने फरक पडत नाही. चवीबद्दल मात्र मी आढीच्या बाजूने.

काकूंचे पाकीट मी उलटे करून पाहिले. मागे पोषणाचा तक्ता होता, बारीक अक्षरात: शंभर ग्रॅममध्ये नव्वदच्या वर साखर. चष्मा नसल्याने त्यांना ते दिसले नव्हते. मी वाचून दाखवले. "मग याचं काय करू?" त्यांनी विचारले. म्हटले, नातवाच्या लाडवात घाला, चहा बिनसाखरेचा प्या आणि संध्याकाळची गोळी आजपासून परत सुरू करा. पंधरा दिवसांनी पुन्हा साखर तपासायला बोलावले आहे.