परदेशी खरेदीवरचा न दिसणारा बट्टा

पोलादपूर : आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी बसून अमेरिकेतील विक्रेत्याकडून एखादे पुस्तक वा यंत्राचा सुटा भाग मागविणे आता नवलाचे राहिलेले नाही. लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातील विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी सेन्सर हवा असतो, तर महाड औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्याला प्रयोगशाळेतील उपकरणाचा इलेक्ट्रोड. डॉलरमधील किंमत पाहून मनाशी गुणाकार केला जातो. बँकेचे विवरण हाती पडते तेव्हा आकडा निराळाच असतो. हा फरक बहुतांशी चलन रूपांतराच्या शुल्काचा असतो आणि त्यातील बराचसा टाळता येतो.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. एकाचे दुसरे करून देताना सराफ बट्टा कापून घेई, पण तो निदान गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. कार्डावरचा बट्टा मात्र दरातच मुरलेला असतो.

व्हिसा वा मास्टरकार्डसारखी कंपनी प्रथम आपल्या दराने डॉलरचे रुपये करते. त्यावर कार्ड देणारी बँक साधारण २ ते ३.५ टक्के शुल्क लावते आणि त्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. हिशेबासाठी डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर १०० डॉलरच्या, म्हणजे ८,५०० रुपयांच्या खरेदीवर ३.५ टक्क्यांनी करासह ३५१ रुपये जादा जातात. २ टक्क्यांनी २०१ रुपये. हे शुल्क न घेणारी कार्डेही काही बँका देतात. मात्र त्यांची वार्षिक वर्गणी करासह ५९० रुपये असेल, तर ३.५ टक्के शुल्काच्या कार्डाऐवजी ते घेणे वर्षाकाठी सुमारे १४ हजार ३०० रुपयांच्या खरेदीनंतरच परवडू लागते.

खरी फसगत होते ती दुसऱ्याच ठिकाणी. पैसे भरतेवेळी ‘रुपयांत भरा’ असा पर्याय पडद्यावर येतो. आपलेच चलन पाहून ग्राहक निर्धास्त होतो. परंतु तेथे रूपांतराचा दर विक्रेता किंवा त्याची देयक कंपनी ठरविते आणि तो बहुधा बँकेच्या दराहून महाग असतो. तो पाच टक्क्यांनी चढा धरला, तर वरच्याच उदाहरणात ४२५ रुपये अधिक जातात. शिवाय विक्रेता परदेशातील असल्याने रुपयांतील व्यवहारावरही काही बँका वेगळे शुल्क घेतात. म्हणजे एकाच खरेदीवर दोनदा बट्टा! अशा वेळी विक्रेत्याचेच चलन निवडणे श्रेयस्कर.

नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप सुरू नसतात. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार ग्राहकाने ते स्वतः चालू करावे लागतात. त्याच वेळी मर्यादाही ठरविता येते. माल परत केल्यास परतावा त्या दिवसाच्या दराने मिळतो आणि बँकेचे शुल्क सहसा परत येत नाही. त्यामुळे माप, व्होल्टेज वगैरे खात्री आधीच केलेली बरी.

कारखानदारांचे गणित वेगळे. व्यापारी आयातीसाठी आयात-निर्यात संकेतांक लागतो. बँकेमार्फत थेट रक्कम पाठविल्यास काही आकार ठरावीक असतात आणि चलन रूपांतरावरील करही किमान ४५ रुपये पडतो. त्यामुळे लहान रकमांना ही वाट महाग, मोठ्या रकमांना स्वस्त. दोन-तीन मागण्या एकत्र करणे येथे उपयोगी पडते, कार्डावर नाही. मोठी रक्कम असल्यास फलकावरील दर निमूटपणे स्वीकारू नये, शाखेकडे घासाघीस करावी. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ५ ऑगस्ट २०१९ रोजी ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच सुरू केला असून तेथे बाजारातील दर दिसतो आणि बँकेचा आकार स्वतंत्रपणे कळतो. दूरची बाकी बँक तो कापून घेणार असेल, तर तो कोणी सोसायचा, हेही विक्रेत्याशी आधी ठरवून घ्यावे. सीमाशुल्क या सर्वांहून निराळे. ते माल भारतात उतरल्यावर भरावे लागते.