शोभेचा उंदीर, प्रयोगाचा उंदीर, खाद्याचा उंदीर

पाळीव सापांना खाऊ घालण्यासाठी घरीच उंदरांची पैदास करण्याचा उद्योग युरोप-अमेरिकेत मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला, आणि तो इतका अलीकडचा व इतका आडबाजूचा असल्यामुळे त्याला सांगण्याजोगा इतिहास नसावा असे सहज वाटते. परंतु या कामी वापरला जाणारा उंदीर कोठारातून किंवा शेताच्या बांधावरून पकडून आणलेला नसतो. रंग, गरीब स्वभाव आणि विण्याची क्षमता पाहून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेला तो एक पाळीव प्राणी आहे. त्याला वाढवण्याची विद्या प्रथम हौशी माणसांनी घडवली, त्यांच्याकडून ती प्रयोगशाळांनी उचलली, आणि सर्पपालकांच्या हाती ती आली तोपर्यंत तिच्यातील कौतुकाचा विषय बदलून गेला होता.

घरउंदीर, म्हणजे प्राणिशास्त्राच्या परिभाषेत ‘मुस मस्क्युलस’, हा माणसाच्या वस्तीचा फार जुना सोबती आहे. त्याचे मूळ स्थान भारतीय उपखंड व इराण यांच्या आसपासच्या प्रदेशात असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि पश्चिम आशियातील नातूफी संस्कृतीच्या स्थळांवर मिळालेल्या दातांच्या अभ्यासावरून, शेती सुरू होण्यापूर्वीच, सुमारे १५,००० वर्षांमागे, तो माणसाच्या दीर्घ मुक्कामांच्या आश्रयाने राहू लागला होता असे दिसते. मात्र सोबत राहणे वेगळे आणि पाळणे वेगळे. पाळण्याचे जुने उल्लेख धार्मिक स्वरूपाचे आहेत: आशिया मायनरच्या किनाऱ्यावर ‘अपोलो स्मिंथियस’ या नावाने पुजल्या जाणाऱ्या देवाच्या मंदिरात माणसाळवलेले उंदीर सार्वजनिक खर्चाने पोसले जात आणि वेदीखाली पांढऱ्या उंदरांची बिळे असत, असे एलियन हा रोमन काळातील ग्रंथकार नोंदवतो. या उंदरांची जाणीवपूर्वक निवड करून पैदास होत होती का, हे मात्र त्या नोंदीवरून ठरवता येत नाही.

अशा निवडीचा पहिला सलग पुरावा जपानमधून मिळतो. एदो काळात, म्हणजे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, शहरांतील सुखवस्तू व्यापारी वर्गाला शोभेचे मासे, पक्षी आणि फुलझाडे यांचा जो नाद लागला होता त्यातच उंदीरही आले, आणि १७८७ साली ‘चिंगान सोदातेगुसा’ नावाची एक छोटी पुस्तिका छापली गेली. वेगवेगळ्या रंगांचे व ठिपक्यांचे उंदीर कसे मिळवावेत, कोणता नर कोणत्या मादीशी लावावा, याचे मार्गदर्शन तीत आहे. पुस्तिकेतला प्राणी घरउंदीर की ज्याला प्रयोगशाळेत ‘रॅट’ म्हणतात तो मोठा उंदीर, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तरीही एक गोष्ट वादातीत आहे की मेंडेलच्या वाटाण्यांच्या कितीतरी आधी, आनुवंशिकतेचा कोणताही सिद्धान्त हाताशी नसताना, त्या काळच्या शौकिनांना दडलेला रंग नातवंडांत पुन्हा उमटतो हे व्यवहारात ठाऊक होते. जपानी शौकिनांच्या संग्रहात ‘नाचरे’ उंदीरही होते. आतल्या कानातील जन्मजात दोषामुळे हे उंदीर स्वतःभोवती गरगर फिरत, आणि पाहणाऱ्यांना तो नाच वाटे. एकोणिसाव्या शतकात हे उंदीर युरोपात पोहोचले. आज जगभरच्या प्रयोगशाळांतील उंदरांच्या जनुकांत जपानी वंशाचे जे तुकडे सापडतात ते अशाच शोभेच्या उंदरांकडून आलेले आहेत, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले.

इंग्लंडमध्ये या हौसेने संस्थेचे रूप घेतले. १८९५ साली वॉल्टर मॅक्सी यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल माउस क्लब’ स्थापन झाला, प्रत्येक रंगाच्या उंदराचे आदर्श लक्षण ठरवण्यात आले आणि त्या मापाने परीक्षक गुण देऊ लागले. प्रदर्शनात उंदीर मांडण्याची लाकडी पेटी अजूनही मॅक्सी यांच्याच नावाने ओळखली जाते. या मंडळींची खरी देणगी बक्षिसांत नाही, ती नोंदवहीत आहे. कोणत्या वेतातले पिल्लू, आई-बाप कोण, रंग कोणता, दोष कोणते, हे लिहून ठेवल्याशिवाय रंग टिकत नाही हे त्यांना कळले होते, आणि पुढे विज्ञानाला नेमके हेच हवे होते.

हौस आणि विज्ञान यांच्यामधला पूल बांधला तो अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रॅनबी या खेड्यात, ॲबी लॅथ्रॉप या बाईंनी. १८६८ साली जन्मलेल्या लॅथ्रॉप पेशाने शिक्षिका होत्या. प्रकृतीमुळे त्यांनी नोकरी सोडली, कोंबडीपालन करून पाहिले, त्यात यश आले नाही, आणि १९०० च्या सुमारास नाचऱ्या उंदरांच्या एका जोडीपासून त्यांनी शोभेच्या उंदरांची विक्री सुरू केली. गिऱ्हाईक मुलांचे आणि हौशी लोकांचे मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती, पण १९०२ पासून हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम कॅसल यांच्यासारखे संशोधक त्यांच्याकडून उंदीर विकत घेऊ लागले आणि धंद्याची दिशा बदलली. ओट आणि बिस्किटांवर पोसलेल्या, गवत व भुसा घातलेल्या लाकडी खोक्यांत राहणाऱ्या त्यांच्या उंदरांची संख्या पुढे ११,००० च्या वर गेली आणि खोकी साफ करण्यासाठी गावातील मुलांना तासाला ७ सेंट मजुरी मिळू लागली.

लॅथ्रॉप यांना केवळ पुरवठादार समजणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. १९०८ च्या सुमारास काही उंदरांच्या अंगावर त्यांना विचित्र गाठी दिसल्या, तेव्हा असे प्राणी फेकून न देता त्यांनी ते तज्ज्ञांकडे पाठवले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लिओ लोब यांनी त्या गाठी कर्करोगाच्या असल्याचे कळवले. त्यानंतर दोघांनी मिळून अनेक शोधनिबंध लिहिले. काही घराण्यांच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो आणि मादीचे बीजांडकोश काढल्यास त्याचे प्रमाण घटते, हे निष्कर्ष ग्रॅनबीच्या खोक्यांतून आणि बाईंच्या वह्यांतून निघाले. १९१८ साली त्या वारल्या. कॅसल यांचे शिष्य क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ साली लॅथ्रॉप यांच्याच साठ्यातील ५७ क्रमांकाच्या मादीपासून जो काळा वंश वाढवला, तो ‘सी ५७ ब्लॅक’ आज जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रयोग-उंदरांपैकी एक आहे. याच लिटल यांनी १९२९ साली मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा उभारली.

उंदरांच्या रंगांनी याच काळात आनुवंशशास्त्राला त्याचे पहिले प्राणिजगतातील पुरावे पुरवले. फ्रान्समधील ल्युसियाँ केनो यांनी १९०२ साली पांढऱ्या व रंगीत उंदरांच्या संकरातून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले. पिवळ्या उंदरांची शुद्ध जात त्यांना काही केल्या मिळेना. याचे कारण कॅसल आणि लिटल यांनी १९१० साली स्पष्ट केले, ते असे की दोन्ही बाजूंनी पिवळेपणाचे जनुक मिळालेला गर्भ जन्मापूर्वीच मरतो. एकाच गुणसूत्रावरील दोन गुण जोडीने उतरतात, हे सस्तन प्राण्यांत प्रथम दाखवणारा १९१५ चा निबंधही उंदरांवरच होता, आणि त्याच्या लेखकांत जे. बी. एस. हॉल्डेन व त्यांची बहीण नेओमी होती. याच्या जोडीला आणखी एक घटना नोंदवायला हवी. १९२६ साली क्लारा लिंच यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथून मोजके पांढरे उंदीर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत आणले, आणि ‘स्विस’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा लाल डोळ्यांचा, शांत व भरपूर पिल्ले देणारा वंश सर्वत्र पसरला. शौकिनाला असा उंदीर नीरस वाटेल, पण संख्या हवी असणाऱ्याला तो सोयीचा होता.

ही संख्या पुढे ज्यांना हवी झाली ते सर्पपालक होते. साप लोकांना पाहण्यासाठी ठेवण्याची स्वतंत्र इमारत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली उघडली, आणि तेथे सापांना जिवंत भक्ष्य देण्याच्या प्रथेवरून व्हिक्टोरियन काळातच वाद झाले. खासगी सर्पपालन मात्र बराच काळ विक्षिप्तांचा छंद राहिले, कारण बंदिस्त साप खात नाही, आजारी पडतो आणि मरतो, असाच सर्वसाधारण अनुभव होता. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड यांची १९५७ आणि १९६९ सालची पुस्तके वाचून अमेरिकेतील तरुणांची एक पिढी या छंदाकडे वळली. सत्तरच्या दशकात वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, रानातून पकडलेल्या सापांऐवजी बंदिवासात जन्मलेले साप विकण्याकडे कल वाढला, आणि नुकत्या अंड्यातून निघालेल्या पेन्सिलीएवढ्या सापाला दर आठवड्याला त्याच्या तोंडात मावेल असे काहीतरी देण्याची गरज निर्माण झाली. पाळीव प्राण्यांच्या दुकानात नवजात पिल्ले क्वचितच मिळत, म्हणून पालकांनी घरातच, बहुधा तळघरात किंवा गॅरेजमध्ये, पेट्या मांडल्या.

उंदराचे शरीर या गणिताला विलक्षण अनुकूल आहे. गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो, व्याल्यानंतर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा माजावर येते, पिल्ले तीन आठवड्यांत आईपासून तोडता येतात आणि सहा ते आठ आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. एका पेटीत एक नर व दोन ते पाच माद्या ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली, कारण दोन प्रौढ नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, आणि माद्या मात्र सामायिक घरट्यात एकमेकींच्या पिल्लांनाही पाजतात. नर सारखा बदलू नये, हा पैदाशीचा नियमही शास्त्राने उचलून धरला: हिल्डा ब्रूस यांनी १९५९ साली दाखवले की नुकत्याच फळलेल्या मादीला परक्या नराचा वास आला तर तिचा गर्भ टिकत नाही. पिल्लांची प्रतवारीही वयानुसार ठरली. अंगावर केस न उगवलेली ती ‘पिंकी’, लव आलेली ती ‘फझी’, डोळे उघडून उड्या मारू लागलेली ती ‘हॉपर’, अशी नावे व्यापारात पक्की झाली, आणि सापाच्या जाडीप्रमाणे खाद्य निवडणे सोपे झाले. या व्यवसायातील सर्वांत मोठी अडचण कोणती असे विचारल्यास उत्तर अर्थशास्त्रात सापडत नाही. ती अडचण वासाची आहे. नराच्या मूत्राचा उग्र दर्प आणि ओल्या भुशातून निघणारा अमोनिया यांमुळे किती घरांतील पैदास बंद पडली याची गणती कोणी ठेवलेली नसली, तरी गोठवलेल्या खाद्याचा धंदा फोफावण्यामागे हा दर्प निश्चितच होता.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठ्या पैदासकेंद्रांनी कर्बवायूने मारून गोठवलेले उंदीर घरपोच विकायला सुरुवात केली. भुकेला नसलेल्या सापापुढे जिवंत उंदीर सोडला तर तोच सापाला कुरतडतो, हा अनुभवही गोठवलेल्या मालाच्या बाजूने गेला, आणि भक्ष्याच्या यातनांचा प्रश्न त्यातून बराचसा सुटला. मात्र एकाच केंद्रात लाखोंची पैदास होऊ लागल्यावर रोगही घाऊक झाले. २००८ ते २०१० या काळात ब्रिटन व अमेरिकेत साल्मोनेलाच्या साथीचा माग गोठवलेल्या उंदरांपर्यंत पोहोचला, तर २०१२ साली अमेरिकेतील एका पैदासकेंद्रातील कामगारांना उंदरांकडून मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण झाली. लहान पेट्यांतील घरगुती पैदास पुन्हा काहींना सुरक्षित वाटू लागली ती यामुळे.

दरम्यान रंगाचा शौक उंदराकडून सापाकडे सरकला होता. १९९२ साली बॉब क्लार्क या अमेरिकी पैदासकाराने पश्चिम आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ या छोट्या अजगराची वर्णहीन, म्हणजे रंजकद्रव्य नसलेली पिल्ले बंदिवासात मिळवली, आणि त्यानंतर पिवळे, पट्टेदार, ठिपकेविरहित असे असंख्य प्रकार बाजारात आले. त्यांची किंमत ठरते ती दडलेल्या जनुकांवर, आणि त्यासाठी पैदासकार जी भाषा वापरतात, म्हणजे अप्रभावी गुण, वाहक मादी, दोन्ही बाजूंनी मिळाल्यास मारक ठरणारे जनुक, तीच केनो, कॅसल आणि लिटल यांच्या उंदरांच्या रंगांवरील कामात भेटते. एदो काळातील शौकिनाने ज्या प्राण्याच्या ठिपक्यांसाठी वही ठेवली असती, तो आता वजनावर विकला जातो आणि वही सापाच्या नावाने उघडली जाते.

महाराष्ट्रात हा छंद या रूपात रुजणे शक्यच नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरात बाळगण्यास वाव ठेवला नाही, आणि परदेशी जातींचे साप बाळगणाऱ्यांवर अलीकडच्या नियमांनी नोंदणीचे बंधन घातले आहे. त्यामुळे सापांसाठी उंदीर पुरवण्याचा प्रश्न येथे पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानासारख्या संस्थांपुरता राहिला. नागपंचमीला नागापुढे दुधाची वाटी ठेवणाऱ्या समाजाला साप दूध पीत नाही, उंदीर खातो, हे समजावून सांगण्यातच अशा संस्थांची बरीच शक्ती खर्च झाली. पाळीव पांढरा उंदीर आणि साप यांची येथली गाठ पडली ती वेगळ्याच जागी, परळच्या हाफकिन संस्थेत. प्लेगच्या साथीच्या काळात, १८९९ साली सुरू झालेल्या या संस्थेने पुढे सर्पविषावरील प्रतिविष तयार केले. ते घोड्यांच्या रक्तापासून बनते, परंतु त्याची ताकद मोजतात ती १८ ते २० ग्रॅम वजनाच्या उंदरांवर: भारतीय औषधसंहितेनुसार एक मिलिलिटर प्रतिविषाने नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी ०.६० मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे, आणि ते झाले की नाही हे टोचलेल्या उंदरांपैकी किती जगले यावरून ठरवले जाते.