बदलता येईल, सांगता येणार नाही

लिनक्सच्या टर्मिनलवर साध्या युजरने ‘पासडब्ल्यूडी’ ही कमांड दिली, की त्याला आधी जुना पासवर्ड विचारला जातो, मग नवा, आणि खात्रीसाठी नवा पुन्हा एकदा. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. तीच कमांड ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्यातून, पुढे कुणा युजरचे नाव लिहून दिली, तर जुन्या पासवर्डची चौकशीच होत नाही. थेट नवा मागितला जातो. ऑफिसात कुणी पासवर्ड विसरले, की ॲडमिन हेच करतो. या साध्या व्यवहारात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ॲडमिन पासवर्ड बदलून देतो, पण जुना काय होता हे सांगू शकत नाही. तो त्याला ठाऊक नसतो आणि त्या यंत्रातही कुठे लिहिलेला नसतो. बदलण्याचा अधिकार आणि जाणून घेण्याची सोय यांची ही फारकत आपोआप झालेली नाही. साठ-सत्तरच्या दशकांत ठेचा खात, विचारपूर्वक ती घडवली गेली, आणि संगणकाच्या सुरक्षेत हिच्याइतकी मोलाची कल्पना मला तरी दुसरी दिसत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी नोव्हेंबर 1961 मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या आणि वेळेचा वाटाही वेगळा, म्हणून पासवर्ड आले. ते सगळे एका फाइलीत, वाचता येतील अशा साध्या अक्षरांत ठेवलेले होते. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडू लागला. त्याने एका शुक्रवारी रात्री ती फाइल छापण्याची विनंती पंचकार्डावर नोंदवली आणि शनिवारी पहाटे छापलेली यादी उचलून नेली. कुलूप फोडावे लागले नाही. यंत्राने सांगितलेले काम केले. काही वर्षांनी याहून विलक्षण प्रकार घडला. सीटीएसएसचा एडिटर तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच ठरलेले नाव देत असे. दोन प्रणाली-प्रोग्रामर एकाच वेळी काम करत होते, एक पासवर्डच्या फाइलीवर, दुसरा रोजच्या सूचनेच्या फाइलीवर. दोन्हींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकले. कोर्बातो यांनी पुढे आपल्या ट्युरिंग व्याख्यानात हा प्रसंग सांगितला. इथे चोर कुणीच नव्हता, आणि म्हणूनच हा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो. वाचता येईल अशा रूपात जे साठवले, ते आज ना उद्या कुणाच्या तरी वाचनात येणारच. पहारा वाढवून ते थांबत नाही.

उपाय निघाला केंब्रिजमध्ये. रॉजर नीडहॅम यांची कल्पना अशी, की पासवर्ड साठवूच नये. एकाच दिशेने चालणाऱ्या गणिती क्रियेतून तो काढावा आणि फक्त उत्तर ठेवावे. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसे त्या उत्तरातून पासवर्ड परत मिळत नाही. युजरने लॉगिनच्या वेळी दिलेला पासवर्ड त्याच क्रियेतून काढून उत्तरे जुळतात का, एवढेच पाहायचे. मॉरिस विल्क्स यांच्या 1968 सालच्या पुस्तकात ही पद्धत छापून आली. बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवणाऱ्यांनी ती उचलली. सुरुवातीला त्यांनी एम-209 या दुसऱ्या महायुद्धातल्या सांकेतिक यंत्राची नक्कल केली, पण ती फार वेगवान निघाली. पीडीपी-11/70 या संगणकावर एका पासवर्डला सव्वा मिलिसेकंद लागे, म्हणजे अंदाज करून पाहणाऱ्याचेच फावे. मग डीईएस ही क्रिया जाणूनबुजून बदलून सलग 25 वेळा चालवली गेली आणि प्रत्येक पासवर्डला 4096 पैकी एक ‘सॉल्ट’ जोडला गेला, जेणेकरून दोघांचा पासवर्ड सारखा असला तरी साठवलेली उत्तरे सहसा सारखी येऊ नयेत. एक अडचण मात्र उरली. ज्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला, तिथे साध्या युजरने स्वतःचा पासवर्ड कसा बदलायचा? युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डेनिस रिची यांनी ‘सेट-युआयडी’ची युक्ती काढली: पासवर्ड बदलणारा प्रोग्राम चालू असेपर्यंत त्याला मालकाचा, म्हणजे रूटचा अधिकार मिळतो, पण तो प्रोग्राम जेवढे करतो तेवढ्यापुरताच. 1973 मध्ये अर्ज झालेले त्याचे पेटंट 1979 मध्ये मिळाले आणि ते सर्वांसाठी खुले केले गेले. आजही ‘पासडब्ल्यूडी’ कमांडच्या परवानग्यांची ओळ पाहिली, तर मालकाच्या ‘एक्स’च्या जागी ‘एस’ दिसतो.

यावर आक्षेप येतो, की रूट हवा तेव्हा पासवर्ड बदलू शकतो, फाइलीही वाचू शकतो, मग त्याच्यापासून तो लपवून काय साधले? साधले ते दोन बाबतींत. बदल लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी जुना पासवर्ड चालेनासा झाला, की युजरला कळते. आणि माणसे एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात. एका यंत्राचा अधिकार हाती असला म्हणून उरलेल्या नऊ ठिकाणांची किल्ली ॲडमिनला मिळू नये. विंडोजमध्ये ही फारकत आणखी ठळक दिसते. एक्सपीपासून ॲडमिनने ‘नेट युजर’ कमांडने स्थानिक खात्याचा पासवर्ड परस्पर बदलला, तर युजरने ईएफएसने सांकेतिक केलेल्या फाइली नव्या पासवर्डने उघडत नाहीत, कारण त्यांच्या किल्लीचे संरक्षण जुन्या पासवर्डावर उभे असते. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो: खात्यात शिरण्याचा हक्क ॲडमिन देऊ शकतो, युजरचे गुपित नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पासवर्ड परत काढता आला नाही तरी ओळखता येतो. युनिक्सची ही पद्धत घडवणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनीच 1979 च्या निबंधात दाखवले, की गोळा केलेल्या 3289 पासवर्डांपैकी 2831 एकतर फार छोटे होते किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सापडणारे. 1988 च्या नोव्हेंबरात मॉरिस यांच्याच मुलाने सोडलेल्या ‘वर्म’ने शिरकावाच्या मार्गांपैकी एक म्हणून असेच अंदाज बांधले, कारण साठवलेली उत्तरे असलेली युनिक्सची फाइल तेव्हा कुणालाही वाचता येत होती. ती उत्तरे ‘शॅडो’ या फक्त रूटला दिसणाऱ्या फाइलीत हलवणे त्याच सुमारास सुरू झाले. म्हणजे जुन्या पहाऱ्याचीही गरज होतीच, हे मान्य करायला हवे. पण पहारा गळून पडल्यावर फरक दिसतो. बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीच्या जुन्या प्रतीत राहून गेलेला थॉम्पसन यांचा पासवर्ड 2019 मध्ये आधुनिक ग्राफिक्स कार्डावर चार दिवसांहून अधिक काळ अंदाज करत राहिल्यावर कुठे उलगडला. ती बुद्धिबळाच्या जुन्या लेखनपद्धतीतली एक चाल निघाली. याउलट डिसेंबर 2009 मध्ये रॉकयू कंपनीच्या डेटाबेसमधून तीन कोटींहून अधिक पासवर्ड फुटले, तेव्हा अंदाज करण्याची वेळच आली नाही. ते साध्या अक्षरांत साठवलेले होते, शेरने छापून नेलेल्या यादीसारखे, आणि विल्क्स यांचे पुस्तक छापून तेव्हा एक्केचाळीस वर्षे झाली होती.