बंदर सुरत : कोठी आणि किल्ला

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोनच साले उभी राहतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या बंदरावर श्रीशिवछत्रपतींची दृष्टी गेली त्याची रचना कशी होती, तेथील व्यापार कोणाच्या हुकुमाने चाले आणि तेथे नांदणाऱ्या टोपीकरांची पायरी कोणती होती, याची चौकशी आपल्याकडे फारशी होत नाही. ती केल्यावाचून सुरतेचे पुढे जे झाले त्याचा उलगडा व्हावयाचा नाही.

शहर तापीच्या डाव्या तीरावर, समुद्रापासून काही कोस आत वसलेले. मोठी जहाजे नदीत शिरू शकत नसत. ती नदीमुखाच्या उत्तरेस सुवाळी येथे नांगर टाकीत आणि माल तेथून शहरात आणावा लागे. नदीकाठी खुदावंदखानाने सोळाव्या शतकात बांधलेला किल्ला. त्याच्या आसपास फुर्जा म्हणजे जकातघर आणि १६४४ साली हकीकतखानाने उभारलेली सराई. तिच्यात पुढे नगरपालिकेची कचेरी आली. गुजरातचे सुती कापड आणि सरखेजची नीळ येथून बाहेर जाई; मोबदल्यात येई ती मुख्यतः चांदी. मक्केचे यात्रेकरू येथूनच गलबतात चढत, म्हणून नाण्यांवरदेखील 'बंदर-ए-मुबारक' असा गौरव कोरलेला आढळतो. विरजी व्होऱ्यासारख्या सावकारापुढे इंग्रजांची कोठी कर्जासाठी हात पसरी, एवढे सांगितले म्हणजे धन कोणाच्या घरी होते हे कळेल.

इंग्रजांना कोठी मिळाली ती १६१३ मध्ये, जहांगिराच्या परवानगीने. डच आणि फ्रेंच मागाहून आले. ही परवानगी होती, तह नव्हे. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनला कँटन, शांघाय इत्यादी पाच बंदरे तोफेच्या धाकाने उघडावी लागली, आणि पुढच्याच वर्षीच्या पुरवणी तहाने तेथला इंग्रज गुन्हेगार चिनी न्यायासनापुढून सुटून स्वतःच्या वकिलातीच्या हाती गेला. सुरतेस असे नव्हते. कोठीतील आपसांतले तंटे इंग्रजांचा प्रेसिडेंट तोडी, हे खरे. परंतु त्याच्या देशबांधवांनी समुद्रावर दंगा केला की जाब त्यालाच द्यावा लागे. १६२४ साली रॅस्टेल आणि त्याचे सहकारी बेड्यांत पडले. १६३६ साली मेथवोल्ड सुमारे आठ आठवडे कैदेत होता. इंग्रज चाच्यांनी तांबड्या समुद्रात सुरतेचे जहाज लुटले होते. १६९५ मध्ये 'गंज-इ-सवाई' या बादशाही जहाजावर एव्हरीने धाड घातली, तेव्हा अ‍ॅनेस्ली कैद झाला. तिघांनीही ती लूट स्वतः केली नव्हती. हा न्याय कठोर होता, प्रसंगी अन्यायही होता. पण त्यात यजमान कोण याविषयी कोणालाही शंका नव्हती.

मग यजमानपण गेले कोठे? आमच्या मते त्याची भेग शहराच्या रचनेतच होती. शहर आणि जकात मुत्सद्द्याकडे, किल्ला किल्लेदाराकडे. दोघेही बादशहाने परस्पर नेमलेले. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी हा हेतू; फळ उलटे आले. १६६४ च्या जानेवारीत महाराज बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर उतरले तेव्हा शहराला तट होता तो मातीचा. मुत्सद्दी इनायतखान पाचशे शिपायांचा पगार बादशहाकडून घेई, मात्र फौज पुरती ठेवीत नसे. तो किल्ल्यात जाऊन बसला. धनिकांनी किल्लेदारास पैसे चारून आसरा मिळविला. किल्ल्यावरून सुटलेल्या गोळ्यांनी शत्रूपेक्षा शहराचीच हानी अधिक केली. ऑक्झेंडनने खलाशी जमवून कोठी राखली, तिचे कौतुक इंग्रजी ग्रंथांत भरपूर आहे. आम्हांस त्याहून सूचक वाटते ती गोष्ट वेगळी : ज्याच्यापाशी भिंत आणि बंदुकी होत्या तोच वाचला, हे शहराने पाहिले. औरंगजेबाने पुढे विटांचा तट बांधावयास घेतला. परंतु सत्तेची भेग विटांनी बुजत नाही. १६७० च्या ऑक्टोबरात तेच पुन्हा घडले.

या दोन स्वाऱ्यांनीच सुरत बुडाली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यानंतरही तिची जहाजे कित्येक वर्षे तांबड्या समुद्रात जात होती. १६८७ मध्ये इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले. अठराव्या शतकात मोगल सत्ता खिळखिळी झाली, १७२२ मध्ये इराणची सफवी राजवट कोसळली, आणि गुजरातेत मराठ्यांच्या चौथाईचा ताण वाढला. सुरतेच्या व्यापाऱ्याने आता संरक्षण मागावे कोणाकडे? १७५९ साली इंग्रजांनी सिद्दीकडून किल्ला घेतला, आणि बादशहाच्या सनदेने ते मोगलांचे किल्लेदार झाले. एका बुरुजावर मोगलांचे निशाण आणि दुसऱ्यावर कंपनीचे, अशी स्थिती पुढे चाळीस वर्षे राहिली. ज्यांचे पूर्वाधिकारी बेड्यांत बसले होते ते आता कुलपाची किल्ली सांभाळू लागले, तेही मोगलांच्याच पदावर! १८०० साली नवाबाला नेमणूक बांधून देऊन शहराचा कारभारही त्यांनी घेतला. आणि दोनच वर्षांनी वसईच्या तहात पेशव्यांनी सुरतेवरील आपले हक्क सोडून दिले.

कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी स्मशानात १६६९ साली मरण पावलेल्या ऑक्झेंडनची दुमजली, घुमटाची समाधी आहे. ती इंग्रजी थडग्यासारखी दिसत नाही. मोगल सरदाराच्या मकबऱ्याचीच ती नक्कल आहे.